दिवा वाढव

इंजिन बंद केलं की दोनओहळातले एकतीस बल्ब एका फटक्यात जात नसत. आधी ते पिवळे पडत, मग तांबूस, मग निखाऱ्यावर राख चढावी तसे होत आणि मग काळोख. वाळूला हे पाठ होतं, कारण इंजिन बंद करणारा हात त्याचाच. म्हणून शिमगा आठ दिवसांवर आलेला असताना एका संध्याकाळी तीस बल्ब गेले आणि एक राहिला, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसलं. राहिलेला बल्ब त्याच्याच घरातला होता.

इंजिनाच्या खोपीपासून घर हाकेच्या अंतरावर. कुडाच्या फटींतून उजेडाच्या रेघा अंगणात पडल्या होत्या. पाचसहा श्वास होईपर्यंत त्या तशाच राहिल्या, आणि मग गेल्या.

"तारेत उरली असंल जरा," वाळू स्वतःशीच म्हणाला. तार म्हणजे काही पाण्याची घागर नव्हे, तिच्यात वीज उरत नाही, हे इंजिन बसवणाऱ्या धनराज मिस्त्रीने त्याला चांगलं बजावून शिकवलं होतं. पण माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की तो शिकलेलं सगळं खुंटीला टांगून ठेवतो.

दोनओहळ म्हणजे पेठ तालुक्यात गुजरातच्या अंगाला, दोन ओहळांच्या बेचक्यात बसलेला एकतीस घरांचा पाडा. विजेचे खांब तिथे दहा वर्षांपूर्वीच आले होते. तार काही आली नाही. खांबांना लोक शेळ्या बांधायचे, तेवढीच त्यांची सेवा. मग दोन हजार तीनच्या पावसाळ्यानंतर नाशिकची एक संस्था इंजिन घेऊन आली आणि म्हणाली की याला रॉकेल नको, डिझेलही सुरू करण्यापुरतं थेंबभर, बाकी हे करंजाच्या तेलावर चालेल. लोक हसले. करंजाचं तेल म्हणजे खरजेवर चोळायचं, नाहीतर दिव्यात घालायचं. ओहळाच्या काठाने करंज उदंड, शेंगा गळून कुजून जायच्या. पण घाणा बसला, घरटी आठवड्याला एक पाटी शेंगांचा नेम ठरला, बायकांनी शेंगा फोडून बिया वाळवल्या, तेल निघालं आणि त्याच खांबांवरून तार ओढली गेली. पहिल्या संध्याकाळी बल्ब लागले तेव्हा गोटीराम भगत, जो भुताखेतांना घाबरत नाही असं स्वतःच सांगतो, तो दचकून मागच्या मागे उखळावर बसला.

त्याच संध्याकाळी आणखी एक प्रसंग घडला. धनराज हा संस्थेचा मिस्त्री, मखमलाबादकडचा माळ्याचा पोरगा, नुकताच डिप्लोमा करून आलेला. जेवणं उरकली आणि आता पुरे म्हणून वाळूची आई नवसाबाई त्याला म्हणाली, "भाऊ, आता दिवा वाढव." त्याने बापड्याने इंजिनाचा वेग वाढवला. सगळा पाडा दिवाळीसारखा पांढराशुभ्र झाला, दोन बल्ब फटाफट फुटले आणि बायका पदर तोंडाला लावून हसता हसता खाली बसल्या.

"अरे, वाढव म्हंजे बंद कर," वाळूने सांगितलं.

"मग बंद करच म्हणा ना!"

"नाय म्हनू," नवसाबाई गंभीर होऊन म्हणाली. "दिवा इझव म्हनू नये. दिवा वाढवायचा. मेल्या मानसाच्या उशाशी लावतो ना दिवा, तोसुदीक दहाव्या दिवशी वाढवायचा, त्याचं नाव घेऊन, नीज म्हनून. तवर तो बिचारा दिव्यापाशी बसून ऱ्हातो. उजेड हाय म्हनून त्याला जाता येत नाय."

धनराजने मान डोलावली. आजी असं काहीतरी म्हणायची खरी, पण आमच्या घरात ट्यूबलाइट, असं काहीबाही पुटपुटला. पुढे पाड्यावर ती थट्टाच होऊन बसली. तो आला की पोरीबाळी विचारायच्या, "धनराजभाऊ, दिवा वाढवू का?" सगळे हसायचे. वाळू मात्र हसायचा नाही. आईचं ते बोलणं त्याने ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला पाना खाली पडला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

वाळूचा धाकटा भाऊ बुधा. तीन वर्षांपूर्वी, भात निघाल्यावर, वाळू त्याला निफाडला द्राक्षबागेत कामाला घेऊन गेला. नवसाबाई नको म्हणत होती. बुधा सतराचा, सप्तशृंगीच्या नवसाने झालेला, तिच्या पदराला धरून वाढलेला. "मी नेतो तसा आनतो, आये," असं वाळूने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, तेव्हा तिने सोडलं. शिमग्याला वाळू परत आला, एकटा. बुधा मुकादमाबरोबर पुढे गुजरातला गेला, तिकडे काम लय हाय, असं त्याने सांगितलं. त्याच उन्हाळ्यात वाळूचं लग्न ठरलं होतं, तेही त्याने मोडलं. का, ते सांगितलं नाही. तेव्हापासून नवसाबाई रोज दिवेलागणीला एकच विचारायची, "बुधा कधी यील रं?" आणि वाळू रोज एकच सांगायचा, "यील. हंगाम सरला की यील." तीन वर्षांत किती हंगाम सरले ते तिने कधी विचारलं नाही.

खरं असं होतं की बुधा गुजरातला गेला नव्हता. तो पाड्यापासून पाव कोसावर होता.

शिमग्यासाठी दोघे एसटीने फाट्यावर उतरले तेव्हा दिवस बुडाला होता. बुधाला घरची ओढ, तो पुढे पळत होता. वाळूच्या पिशवीत बाटली होती. घरी आईसमोर पिता येणार नाही, म्हणून तो ओहळापलीकडच्या मोठ्या करंजाखाली टेकला आणि बुधालाही बसवून घेतलं. मग त्याला झोप लागली. मधेच बुधाने त्याला हलवलं. "दादा, उजेड कर. कायतरी चावलं." बॅटरी वाळूच्या उशाखालच्या पिशवीत होती. नुसता हात घालायचा अवकाश. "नीज रे मुकाट," वाळू म्हणाला आणि कूस बदलली. "दादा, उजेड कर ना," एवढं त्याला आणखी एकदा ऐकू आलं, लांबून आल्यासारखं. उजाडताना त्याने डोळे उघडले तेव्हा बुधा त्याच्या पाठीला टेकून बसला होता, थंडगार, आणि पोटरी काळीनिळी झाली होती.

आईला काय सांगणार? नेतो तसा आणतो म्हणालेला माणूस काय सांगणार? वाळूने त्या करंजाखालीच हातांनी आणि दगडाने खड्डा केला. माती लोटण्याआधी त्याला राहवलं नाही. त्याने बॅटरी काढली, पेटवली आणि बुधाच्या हातात दिली. घे बाबा उजेड, असं म्हणून रडला. आणि ती तशीच पेटती ठेवून त्याने वरून माती ओढली.

इतकी माया आणि इतका भेकडपणा एकाच माणसात कसा मावतो, देव जाणे. पण मावतो खरा.

त्यानंतर त्या करंजाखाली बाधा आहे अशी आवई वाळूनेच उठवली. गोटीरामने लगेच दुजोरा दिला, कारण बाधा नाही असं म्हणणारा भगत अजून जन्मायचा आहे. तिकडच्या शेंगा कोणी वेचेना. इंजिन आलं तेव्हा ते चालवायचं काम वाळूने मागून घेतलं. रोज संध्याकाळी सगळ्या पाड्याला उजेड करायचा, एकाच्या वाटणीचा एकतीस घरांना वाटायचा, असा काहीसा त्याचा मनातला हिशेब होता.

आणि मग महिन्यापूर्वी नवसाबाई डोक्यावर शिगोशीग भरलेली पाटी घेऊन आली. चांगल्या टपोऱ्या शेंगा.

"कुठून आनल्या, आये?"

"पलीकडून. मोठ्या करंजाखालून. लय पडल्यात."

"तिथं बाधा हाय." वाळूचा आवाज चिरकला.

नवसाबाईने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "असू दे," ती म्हणाली. "माझं काय वाईट करनार ती बाधा?"

त्यानंतर ती रोज जायला लागली. रोज पाटी. घाण्याच्या आवारात एका बाजूला तिच्या बियांचा ढीग वाढत गेला. वाळूने त्या घाण्यात घालायचं जितकं टाळता येईल तितकं टाळलं. पण बाकीच्या बिया संपल्या, पाडा उजेडाला सरावला होता, आणि शेवटी तेल निघालंच. शिमगा आठ दिवसांवर असताना ते टाकीत पडलं. त्याच संध्याकाळी तो एक बल्ब मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी तो दहा श्वास राहिला. तिसऱ्या दिवशी वाळू खोपीतून घरापर्यंत चालत गेला तरी तो जळतच होता, आणि बल्बखाली नवसाबाई शांतपणे भाकरी खात बसली होती. तिच्यासमोर दुसरं ताट होतं, वाढलेलं.

"कोनाचं हे?"

"उजेड हाय तवर कोनी आलं तर," ती म्हणाली. "बुधा कधी यील रं, वाळू?"

"यील, आये," तो म्हणाला. भिंतीवर आईची सावली होती, त्याची होती आणि दोघांच्या मधे एक बसलेली होती. त्याने मान फिरवून पाहिलं नाही. बल्ब गेला तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

चौथ्या दिवसापासून इंजिन बोलायला लागलं. ते एका सिलिंडरचं जुनं धूड, चालताना त्याच्या ठोक्याला कोणी काही अर्थ लावत नसे. पण बंद करताना ठोके सावकाश होत जायचे, आणि तेव्हा ते स्वच्छ ऐकू यायचे. दादा, दादा, दादा. मग आणखी सावकाश. दा. दा. मग एवढा वेळ काहीच नाही की वाटावं थांबलं, आणि मग शेवटचा एक. वाळूने कानात कापसाचे बोळे घातले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं झालं होतं, असं आपण म्हणू शकलो असतो. पण पाचव्या दिवशी खोपीपाशी तेल न्यायला आलेली गोटीरामची नात म्हणाली, "वाळूकाका, हे इंजिन कुनाला हाक मारतं?"

मग त्याने फाट्यावरच्या टपरीवरून धनराजला फोन लावला. धनराज सहाव्या दिवशी दुपारी आला, हसत हसत आला. होल्डर बदलला, बल्ब बदलला, खांबावर चढून जोड तपासला. संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर बल्ब जळत राहिला तेव्हा त्याचं हसू गेलं. तो शिडी लावून चढला आणि वाळूच्या घराला जाणारी तार त्याने पकडीने तोडली. तार तुटून अंगणात पडली. बल्ब तसाच जळत होता. पिवळा, स्थिर, जरासा थरथरता, वातीच्या दिव्यासारखा. धनराजने एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा खाली पडलेल्या तारेकडे पाहिलं आणि शिडीवरून उतरला. "वरिष्ठांशी बोलून कळवतो," म्हणाला. पाने-पकडी पिशवीत कोंबल्या, मोटारसायकलला किक मारली आणि नवसाबाईने टाकलेला चहासुद्धा न घेता गेला. बोलला होता वरिष्ठांशी की नाही, ते त्यालाच ठाऊक.

सातव्या दिवशी तुटक्या तारेवरच बल्ब लागला, आणि गेलाच नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी वाळूने इंजिन सुरूच केलं नाही. तेल संपलं म्हणून सांगितलं. टाकीत तेल होतं. सूर्य डोंगरामागे गेला, पाड्यावर धुरकट अंधार उतरला, चुली पेटल्या. एकतीस घरांतली तीस काळी होती, आणि तुटक्या तारेच्या त्या एका घरात उजेड होता. माणसं आपापल्या अंगणात येऊन उभी राहिली होती. कुत्रीसुद्धा त्या घराकडे तोंड करून बसली होती, भुंकत नव्हती.

वाळू खोपीत इंजिनाला टेकून बसला होता. नवसाबाई पाटी घेऊन आली. आज पाटीत शेंगा नव्हत्या. तिने पाटी खाली ठेवली आणि आतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. फडकं सोडलं.

बॅटरी होती. पत्रा गंजून तांबडा झाला होता, काच मातीने भरली होती. बटण पुढे सरकवलेलं होतं. चालू.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तीन वर्षं झाकलेलं कोंबडं त्याच्यासमोर, त्याच्या आईच्या हातात होतं.

"कवा सापडली?" त्याने विचारलं.

"महिना झाला. पावसानं माती नेली हुती. आधी वाटलं डबडं हाय, मंग तुजी बॅटरी वळखली. बाकीचं मी झाकून आले. नीट झाकलं. वर दगूड ठेवले."

"महिना? मग बोलली का नाय, आये?"

"तू बोलशील म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "रोज इचारलं ना तुला, बुधा कधी यील. रोज वाट करून दिली. तू रोज यील म्हनालास."

वाळू तिच्या पायांवर पडला. मग त्याने सांगितलं, सगळं. बाटली, झोप, दोनदा मारलेली हाक, उशाखालची पिशवी. एक शब्द त्याने राखून ठेवला नाही. सांगताना तो मोठ्याने रडत होता आणि अंगणातल्या माणसांना ते ऐकू जात होतं, त्याची त्याला पर्वा नव्हती. नवसाबाईने पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही.

"सरप चावला, त्यात तुजा दोष नाय," तिने सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं. "नीज म्हनालास, ते झोपंत म्हनालास. पन दिवा लावून दिलास त्याच्या हातात, आन वाढवला नाय रं. तीन वरसं माजं पोर उजेडात बसलंय. सगळे मेलेले जातात, हा बसलाय. कोन त्याला जा म्हननार? मी म्हनले असते, तर मला सांगितलंस नाय. मी त्याच्याच झाडाच्या शेंगा आनून घाण्यात घातल्या. म्हनलं, इथं पाड्यात तरी यील, आपल्या दिव्यापाशी. तुला दिसंल. तू बोलशील."

दूर घरात बल्ब थरथरला.

"मग तूच वाढव, आये."

"ज्यानं लावला त्यानंच वाढवायचा आसतो."

वाळूने बॅटरी उचलली. ती गार होती, ओहळातल्या दगडाइतकी. अंगठा बटणावर ठेवून त्याने मागे ओढलं. बटण गंजून बसलं होतं, हलेना. पुन्हा जोर केला. हलेना. अंगठ्याची सालटी निघाली. त्याच्या मागे थंड पडलेलं, दिवसभर न चाललेलं इंजिन होतं, आणि त्यातून एक ठोका आला. दा.

नवसाबाईने आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला. "नाव घे," ती म्हणाली. "आन तेच सांग, जे तवा सांगितलं. पन आता जागेपनी सांग."

वाळूला वाटलं, आता आपल्याला बोलता येणार नाही, आणि हे असंच राहील, आपण मरेपर्यंत.

"बुधा," तो म्हणाला. "नीज, बाळा."

बटण मागे सरकलं. अगदी बारीक आवाज झाला. घरातला बल्ब पिवळा पडला, मग तांबूस झाला, मग निखाऱ्यावर राख चढावी तसा झाला आणि गेला. अंगणात उभ्या असलेल्या कोणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. मग एकेक दार लागलं.

नवसाबाईने रिकामी पाटी उचलली. "सकाळी चार मानसं बोलव," ती म्हणाली. "शिमगा पेटायच्या आधी त्याला नीट नेऊ." आणि ती घराकडे चालायला लागली. काळोख दाट होता, वाटेवर दगड होते आणि तिला संध्याकाळचं दिसत नसे.

"आये, थांब," वाळू धडपडत उठला. "उजेड करतो."

ती थांबली नाही.

"तवा करायचा हुतास," ती म्हणाली, आणि चाचपडत पुढे गेली.